आप्पांच्या घरी टिकणारी बॅटरी

"साहेब, चोर सापडला हाये. तुम्ही फक्त हाव म्हना, बाकी आम्ही पाहून घेतो."

मी अजून सायकलही भिंतीला टेकवली नव्हती. बोलणारे आप्पा, म्हणजे गावचे सरपंच. ज्याच्याकडे बोट होतं तो सुखदेव चावडीच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता. आणि चोरी कशाची, तर रेडिओच्या बॅटरीतल्या करंटची!

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. वीज न पोचलेल्या गावांना सरकारकडून सार्वजनिक रेडिओ मिळायचे, आणि ते दुरुस्त करत माझ्यासारखे मेकॅनिक फिरायचे. हे गाव मोताळ्याकडचं. संध्याकाळी तासभर बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम, मग सेट बंद. सेट सांभाळायचा सुखदेव. मॅट्रिक झालेला बौद्ध तरुण. त्याला नेमलं तेव्हाच काहींच्या पोटात दुखलं होतं. सेट त्याच्या घरी असायचा, कार्यक्रमाच्या वेळेला तो चावडीवर आणायचा.

महिनोन्‌महिने चालणारी मोठी बॅटरी त्याच्याकडे आठवड्यात बसायची. नवी दिली, तीही बसली.

"रातभर सिनेमाचे गाने आयकत असंल," आप्पा म्हणाले. "अन् दिवसा बॅटऱ्या घराच्या धाब्यावर वाळत घालते. अख्ख्या गावानं पाह्यलं."

"उन्हात ठेवल्या म्हन्जे थोडा जीव येते, म्हनून ठेवल्या," सुखदेव हळूच म्हणाला. ते खरंच होतं. जिल्हाभर सगळेच ठेवायचे.

"बरं, गाणी कुणी ऐकली?" मी विचारलं.

कुणीच नाही. पण आप्पांकडे पुरावा होता, आणि तो असा तसा नव्हता. गेल्या महिन्यात पंचांनी ठरवलं, कार्यक्रम झाला की मोठी बॅटरी काढायची आणि आप्पांच्या घरी ठेवायची. सेट सुखदेवकडे, बॅटरी आप्पांकडे. तेव्हापासून बॅटरी ठणठणीत!

"आता सांगा. माह्या घरी टिकते, याच्या घरी टिकत नाई. काऊन?"

मी सेट आणि बॅटऱ्या चावडीवर मागवल्या. सुखदेवनं मला बाजूला घेतलं.

"साहेब, तलाठ्याच्या जागेसाठी अर्ज केला हाये. सरकारी माल चोरला म्हनून माह्यावर शिक्का बसला, तर मले कोन घेईल?" मला फार वाईट वाटलं, पण नुसतं वाईट वाटून रेडिओ दुरुस्त होत नाही. मी सेट उघडला, बॅटऱ्या जोडल्या, वाजवून पाहिला. आवाज खणखणीत. स्विच बंद केला आणि आप्पांचं पुराण ऐकत बसलो. ते बराच वेळ चाललं. मग तारांचे जोड तपासायला आत हात घातला, तर बोट कंडेन्सरला लागलं.

कंडेन्सर कोमट होता. बंद सेटमध्ये काहीही गरम असायचं कारण नाही.

आता थोडं समजावून सांगतो. त्या सेटला दोन बॅटऱ्या असायच्या. लहान बॅटरी व्हॉल्व, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापवायची, मोठी त्यांच्यातून करंट खेळवायची. स्विच फक्त लहान बॅटरीची तार तोडायचा. व्हॉल्व गार पडले की मोठीच्या करंटला वाटच उरत नाही, म्हणून तिला वेगळा स्विच दिलेला नव्हता. पण तिच्या दोन टोकांवर एक कंडेन्सर कायम जोडलेला होता. आता त्याला कपॅसिटर म्हणतात. बॅटरी म्हणजे विहीर, तिला स्वतःचे झरे. कंडेन्सर म्हणजे रांजण, भराल तेवढंच त्यात राहणार. जोराचा सूर आला आणि बॅटरी कमी पडली, की तो आपल्यातलं चटकन देतो. पण रांजणालाच चीर गेली तर? विहिरीतून सतत पाणी येत राहणार आणि वाहून जाणार. सेट बंद असला तरी.

मी मीटर लावला. सेट बंद असूनही काटा हलला, म्हणजे करंट वाहत होता. आप्पांना दाखवला.

"काट्याचं आम्हाले काय कळते?" आप्पा म्हणाले. "तुम्ही त्याले वाचवून राह्यले."

डोकं तापलं माझं. पण म्हटलं, ठीक आहे, काटा नको. जुना कंडेन्सर सोडवला, थैलीतला नवा काढला. दोन्ही आप्पांच्या देखत मोठ्या बॅटरीला टेकवून भरले आणि बाकावर ठेवले. म्हटलं, "चहा सांगा."

चहा झाल्यावर लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आप्पांच्याच हातात दिला. "मूठ धरा, लोखंडाला हात लावू नका. आधी नव्याच्या दोन्ही तारा पात्यानं एकदम शिववा."

टच्च! ठिणगी उडाली. आप्पा असे मागे सरले की टोपी पडली. जमलेली बायामाणसं हसली.

"आता जुन्याच्या."

आप्पांनी डोळे बारीक करून पातं टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं, घासलं. काहीच नाही.

"दोन्ही तुमच्यासमोर भरले होते," मी म्हणालो. "याच्यातला करंट कुणी नेला? इथं तर कुणी गाणी ऐकली नाहीत. बॅटरी तुमच्याकडे टिकत होती, कारण ती याच्यापासून सोडवलेली होती."

आप्पांनी तो जुना कंडेन्सर उलटापालटा करून पाहिला. मग खाकरले. "चाल बे सुखदेव, झालं ते झालं. लाव रेडिओ."

सुखदेव उठला नाही. "आप्पा, चोर म्हटलं ते चावडीवर म्हटलं. आता नाई म्हनायचं तेही चावडीवरच म्हना."

आप्पांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता भडकणार. पण माणूस सरळ होता, हे कबूल केलं पाहिजे. टोपी झटकून डोक्यावर ठेवली, लोकांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सुखदेवनं चोरी केली नाई. मी चुकलो."

मग सुखदेव उठला. मी नवा कंडेन्सर बसवत असताना त्यानं आरशानं ऊन वळवून सेटच्या आत उजेड पाडला.

पुढे नोकरीत असले पुरावे पुष्कळ पाहिले. बॅटरी आप्पांकडे गेली तेव्हा दोन गोष्टी बदलल्या होत्या. घर बदललं होतं आणि तार सुटली होती. गावानं फक्त घर पाहिलं.