बाईंच्या तोंडातला पूल

आमच्या अर्ध्या गावाची तूर माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या दाताखालून गेल्याशिवाय जात्यात पडली नाही. बायका मूठभर दाणे ओच्यात घेऊन यायच्या. बाई त्यातला एक उजव्या दाढेखाली धरायच्या, डोळे मिटायच्या आणि कट्ट आवाज आला की म्हणायच्या, "भरड आता. डाळ चांगली पडीन." दाणा नुसता चेमटला तर म्हणायच्या, "अजून दोन उन्हं दे. घाई काऊन करतं वं, तुही तूर पळून चालली का?" नांदुऱ्याच्या बाजारातले व्यापारीही दाणा चावून पाहतात, पण बाईंच्या मते त्यांचे दात आधी भाव पाहतात, मग चावतात. शिवणाचा दोरा, पोत्याची गाठ, तेलाच्या बाटलीचं बूच, सगळं त्या दातानेच तोडत नाहीतर उघडत. एकदा भाऊजींच्या मोबाइलचं मागचं झाकणही त्यांनी दातानेच काढलं होतं.

बोलणंही तसंच, आडपडदा नसलेलं. पण ज्याचं त्याच्या कानात. माझ्या लग्नाला चारच दिवस झाले होते. बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुह्या डोक्यात उवा हायेत. गप चाल." गोठ्यामागे बसवून तीन दुपारी त्यांनी फणीने माझं डोकं साफ केलं. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "नवरीचं डोकं दुखते, तेल घालून देऊन राह्यली." ही गोष्ट आजपर्यंत तिसऱ्या माणसाला ठाऊक नाही.

दाढांवर इतकं काम पडल्यावर एक दाढ गेलीच. नांदुऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या दाताची शीर काढली आणि तीन दातांचा मिळून ब्रिज बसवला. ब्रिज म्हणजे पूल, हे कळल्यावर बाईंना कोण आनंद. "नाल्यावरचा पूल किती निवडणुका झाल्या तरी होऊन राह्यला. माह्या तोंडातला आठ दिवसात उभा." सहा महिन्यांनी दाखवायला या, असं सांगितलं होतं. बाई गेल्या नाहीत. "रोज त्याच्यावरून वाहतूक चालू हाये. दाखवायचं काय?"

मागच्या दिवाळीनंतर मला वास येऊ लागला. आम्ही दोघी समोरासमोर बसून धान्य निवडायचो. बाई काही सांगायला वाकल्या की तो वास यायचा. दुसऱ्या बायका लांब बसत, त्यांना काही कळत नव्हतं. सांगावं असं रोज वाटायचं. सकाळी चुलीपाशी मी वाक्य जुळवून ठेवायची, आणि बाई समोर आल्या की वाक्य गिळून पदर नाकावर घ्यायची.

बाईंनी तो पदर पाहिला. त्यांना वाटलं, मी मर्यादा धरते. शेजारच्या मुसलमान घरातल्या खालांना त्या कौतुकाने म्हणाल्या, "पाहा माही जाऊ. इतके वर्सं झाले, अजून मोठ्यासमोर तोंडावर पदर घेते." आपल्या सुनेलाही त्यांनी ऐकवलं, "शिक जरा काकूपासून." ती बिचारी माझ्यामुळे बोलणी खायची. मी शरमेने मान खाली घालायची, तर बाई तेही मर्यादेतच मोजायच्या.

तुरी निघाल्या. खालांनी दाणे आणले. बाईंनी डोळे मिटून एक चावला, आणि दाण्याबरोबर ब्रिजच हातात आला. आतल्या दाताचा काळा तुकडाही त्याला चिकटलेला. बाईंनी तो तळहातावर धरून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "दाणा वाळला हाये. पूलच कच्चा निघाला."

नांदुऱ्याला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आतला दात कधीपासूनच सडतोय. शीर काढलेली, म्हणून दुखला नाही. पण वास येत असणार. घरात कोणी बोललं नाही? दोन महिने आधी आला असतात, तर दात वाचला असता."

"वास?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "माही जाऊ दिवसभर माह्याजोळ बसते. वास असता तं तिनं सांगतलं नसतं का?"

माझा पदर नाकावर होता. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि हातमोजे चढवले. उरलेलं मूळ काढेपर्यंत बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. परतताना बसमध्येही मी सांगू शकले नाही. अजूनही सांगितलेलं नाही. इथे लिहिताना लाज वाटते.

नवा ब्रिज बाईंना नको आहे. बायका दाणे घेऊन येतात, तेव्हा त्या दाणा माझ्या हातावर ठेवतात. "तू चाव, मी ऐकते." मग माझ्या गालापाशी कान आणून डोळे मिटतात. वास आता नाही. मी पदर कमरेला खोचून बसते.

काल त्यांच्या ते ध्यानात आलं. "काऊन वं, आता पदर नाई घेत?"

"विसरली, बाई," मी म्हटलं.

बाई हसल्या. आणि जन्मात कुणासमोर तोंड न झाकलेल्या त्या बाईंनी हसताना हळूच तोंडावर पदर घेतला.