‘सारखा’च्या आधीची मोकळी जागा

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाला वंदन करून, आणि आज तरी माझी लेखणी माझ्यापेक्षा शहाणी निघो अशी त्याच्या चरणी विनंती करून आरंभ करतो. निमित्त असे की, आमच्या मंडळीची स्मरणिका निघत आहे आणि पाळकसाहेबांनी मला सांगितले आहे, "खोट्या शिक्षणापासून मंडळीला कसे राखावे, यावर आपण लिहा. या कामाचा आपल्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला नाही." अनुभव आहे, हे खरे; मात्र तो फजितीचा आहे. तोच लिहितो.

पुण्यातील एका शाळेत मी चौतीस वर्षे संस्कृत शिकवले. ख्रिस्ती माणूस संस्कृत शिकवतो याचे नव्या पालकांना नवल वाटे. मुलांना मात्र पहिल्या चाचणीनंतर नवल करण्याइतकी उसंत उरत नसे. निवृत्त झाल्यावर मंडळीच्या पंचांनी माझ्यावर एक काम सोपवले. उपासनेत गायचे प्रत्येक नवे गीत आणि व्यासपीठावर येणारा प्रत्येक पाहुणा उपदेशक आधी मी तपासायचा, आणि शास्त्राला सोडून काही आढळले तर तिथल्या तिथे थांबवायचे. त्याच दिवशी मी लाल शाईची दोन पेने विकत आणली.

"दोन कशाला?" पत्नीने विचारले.

"एक संपले तर."

"अहो, स्वर्गाच्या दारात पोचाल तेव्हा आधी आत जा. पाटीवरचं शुद्धलेखन मागाहून तपासा."

आमच्या मंडळीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. माहेर लोणी काळभोरचे. यजमान वारल्यापासून बिबवेवाडीत एका खोलीत राहून ब्लाउज शिवतात. मशीन चालवता चालवता त्यांनी एक गीत रचले आणि उपकारस्तुतीच्या रविवारी ते गायले जावे अशी इच्छा धरली. लिहिण्याची सवय नसल्यामुळे त्यांनी ते गाऊन दाखवले, आणि उपासनेच्या वेळी पडद्यावर गीते दाखवणाऱ्या, आयटीत नोकरी करणाऱ्या भगिनीने ते फोनवर टाइप केले. कागद माझ्या हाती आला. पहिलीच ओळ अशी होती:

‘येशूसारखा माझ्याजवळ, भिऊ मी कशाला.’

मी चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. येशूसारखा! म्हणजे येशूशी सदृश असा कोणी तिसराच या बाईंच्या जवळ आहे, आणि त्याच्या भरवशावर त्या निर्भय आहेत! ज्याला उपमा नाही त्याला उपमान करून भलत्यालाच त्याच्या पंक्तीला बसवले होते. मी बाईंना पंचांपुढे बोलावले.

"बाई, येशूसारखा कोण?"

"आं?"

"आपल्या गीतात. येशूसारखा आपल्याजवळ कोण आहे?"

"येशूच की वो, सर. दुसरं कोन हाय मला? मालक गेलं, पोरगी दिली नगरला."

"येशू स्वतः आणि येशूसारखा यांत भेद आहे."

"आसंल," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेली मान्सं. मला तर एकच दिसतो."

बाई समोर उभ्या राहून बोलत होत्या आणि मी हातातला कागद ऐकत होतो. कागदावर मी लाल अक्षरांत ‘अमान्य’ असे लिहिले. अक्षर सुरेख आले होते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी तीन दिवसांच्या विशेष सभांसाठी एक पाहुणे उपदेशक आले. रीतीप्रमाणे मी त्यांना चहाला बोलावून तपासले. त्यांनी ‘पुनरुत्थान’ हा शब्द त-सकट उच्चारला. आमच्या मंडळीत तो त गेली कित्येक वर्षे कुणी पाहिला नव्हता. बोलता बोलता त्यांनी ‘किंबहुना’ योग्य जागी वापरले. चहा निवायच्या आत मी त्यांना मान्यता दिली. लांडगा मेंढराचे कातडे पांघरून येतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तो व्याकरण पांघरून येईल, अशी कल्पना मला कुणी दिली नव्हती.

तीनही दिवस मी पहिल्या बाकावर बसलो. उपदेशक म्हणाले, "विश्वास परिपूर्ण असेल, तर देहात व्याधी वसूच शकत नाही. औषधाची प्रत्येक गोळी ही आपल्या अविश्वासाची साक्ष आहे." काय तो ष, काय तो ळ! पत्नीने मला कोपराने ढोसले.

"अहो, हे काय बोलताहेत?"

"काय सुंदर बोलताहेत!"

"तेच विचारतेय मी. काय?"

मी तिला गप्प राहण्याची खूण केली. घरी आल्यावर तिने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. "ही अविश्वासाची साक्ष. टाकू कचऱ्यात? का घेताय रोजच्यासारखी?"

मी गोळी घेतली. घेताना मनात काहीतरी टोचले. परंतु उपदेशकांची वाक्यरचना आठवून मी ते टोचणे दूर सारले.

पुढल्या रविवारी शिवणाऱ्या बाई उपासनेला आल्या नाहीत. मंगळवारी सकाळी पत्नी ब्लाउज आणायला गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. "चपला घाला," ती दारातूनच म्हणाली. "बाईंनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्यात. नऊ दिवस झाले. उठल्या की भोवळ येतेय."

बिबवेवाडीच्या त्या खोलीत मशीनवर पत्नीचा ब्लाउज एका बाहीनिशी पडला होता. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे; शेजारचा पाण्याचा तांब्या रिकामा. मला पाहून त्यांनी पदर सावरला.

"सलाम, सर. बसा. खुर्चीवरचं कापड तेवढं सारा."

"बाई, गोळ्या का सोडल्या आपण?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "तुमीच पास केलंय न्हवं त्यास्नी? माझं गानं नापास, त्यांचं भाषान पास. मंग मला कळलं, खोट माझ्यातच हाय. विश्वास कमी पडतोय."

शाळेत कित्येक निकाल मी लावले. पण माझ्या एका शेऱ्याने कुणाला भोवळ आल्याचे मला ठाऊक नव्हते. मी घसा खाकरून आरंभ केला, "बाई, व्याधी आणि श्रद्धा यांच्यातील कार्यकारणभावाचा विचार करता..."

"अहो, त्यांना आधीच चक्कर येतेय," पत्नी तांब्या भरता भरता म्हणाली.

बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी हळूच विचारले, "सर, एकच सांगा. गोळी घेतली तर येशू जाईल का वो मला सोडून?"

"नाही," मी म्हणालो. त्या महिन्यात मी बोललेले ते पहिले लहान वाक्य असावे.

"मंग आसंच तर म्हनलं होतं म्या," बाई म्हणाल्या. "येशू, सारखा माझ्याजवळ. गोळी घेतली तरी, न्हाय घेतली तरी. दोरा तुटू दे, मशीन बंद पडू दे. सारखा."

मी खुर्चीत सावरून बसलो.

"बाई, हा ‘सारखा’ म्हणजे... सतत?"

"मंग? दुसरा कंचा असतो?"

पत्नी माझ्याकडे वळली. "चाळीस वर्षं सांगतेय, तुम्ही सारखे मध्ये बोलता. तेव्हा बरा कळतो अर्थ!"

टाइप करताना दोन शब्दांमधली जागा राहून गेली होती, एवढेच. ती जागा बाईंच्या गाण्यात होती, बोलण्यात होती. कागदावर नव्हती, म्हणून मला ती कुठेच दिसली नव्हती. आणि ज्यांच्या भाषणात प्रत्येक जागा नेमकी होती, त्यांचे शिक्षण तपासायचे माझ्याकडून राहून गेले होते.

"बाई, निकाल उलटा लागला," मी म्हणालो. "आपले गीत शुद्ध आहे. ते भाषण खोटे होते. चूक माझी. आता दवाखान्यात चला."

बाई उठेनात. "हे तुमी मला सांगताय. तिकडं समद्यांनी ऐकलंय ते भाषान. रविवारी हुबं ऱ्हाऊन सांगाल का?"

"सांगेन."

"ते सांगतील," पत्नी म्हणाली. "थांबवणं अवघड जाईल."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि संस्कृतचा आधार न घेता आम्हां तिघांनाही झापले.

रविवारी मी उभा राहिलो. "प्रिय मंडळी, ज्या विधानांचे मी अनवधानाने अनुमोदन केले..." एवढे होताच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मराठीत!" मग मराठीत सांगितले. आजार हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. गोळी घेणे हे पाप नव्हे. याच्या उलट जे शिकवले गेले ते खोटे, आणि ते मी पहिल्या बाकावर बसून माना डोलावत ऐकले. सभेनंतर तिघांनी हळूच विचारले की त्यांनीही सोडलेल्या गोळ्या सुरू कराव्यात का. मी त्यांनाही डॉक्टरांकडे धाडले.

माझे बोलणे संपताच उपासनेत बाईंचे गीत झाले. आयटीतली भगिनी म्हणाली होती, "अंकल, या वेळी स्पेस मिस होणार नाही, प्रॉमिस." ती खरोखरच चुकली नाही. पडद्याच्या एका टोकाला ‘येशू’ आणि दुसऱ्या टोकाला ‘सारखा’ होते. मंडळीने ‘येशू’ म्हटले, मग सगळ्यांचे डोळे पडदा ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत शांतता पसरली, आणि मग सर्वांनी मिळून ‘सारखा’ म्हटले. बाई पहिल्या बाकावर तोंडाला पदर लावून हसत होत्या. आता आम्ही ते गीत तसेच गातो. नवख्यांना वाटते, ती चालच तशी आहे.

तपासनिसाचे काम अजून माझ्याकडेच आहे. आता पाहुणा चहाला आला की पत्नीही बसते, आणि दुसरे लाल पेन तिच्याकडे असते.

वाचकहो, तुमच्या घरावर, चुलीवर, लेकराबाळांवर आणि औषधांच्या डब्यावरही प्रभूची कृपा राहो. सुखात आणि दुखण्यात येशू सारखा तुमच्याजवळ असो. वाचताना मध्ये जागा सोडावी. आमेन.