वरची घडी

कल्पना करा, तुम्ही एका तिरक्या काचेच्या टेबलापुढे उभे आहात. काचेखाली ट्यूबलाइट पेटलेली आहे. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका तुम्ही मीटर-मीटर ओढताय. कुठे धागा तुटलेला दिसला की खडूची खूण करायची. एकच लक्षात ठेवा, वरची घडी नेहमी चांगलीच असते. अख्खा ताका उघडल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

भिवंडीतल्या विनिताताई अकरा वर्षं हेच करतात. कारखान्याचे मालक गुलाम हुसेन त्यांना चिडवतात, "तू तर जन्नतच्या दारातही चेकिंग करशील!"

रविवारी काल्हेरला एका भाड्याच्या खोलीत प्रार्थनासभा भरते. बाप्तिस्म्याआधी बायकांचा विश्वास पारखायचं काम ताईंचं. एकेकीला त्या तासभर समोर बसवून प्रश्न विचारतात.

दोन वर्षांपूर्वी अंबाडीहून त्यांची आई हौसाबाई राहायला आली आणि लेकीसोबत सभेला जाऊ लागली. तिच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता ताईंनी विचारलं, "आये, येशूनं तुझ्या पापांसाठी जीव दिला, विश्वास हाय ना?"

"हाय गो."

ताईंना इतका आनंद झाला की पुढचं काही विचारलंच नाही.

यंदा उन्हाळ्यात हौसाबाईंचा कॅन्सर शेवटाला आला. एका रात्री ताई उशाशी बसून म्हणाल्या, "घाबरू नको आये, तुझं तारण झालंय, तू येशूपाशीच जाणार."

"विने, मी तवा तुझ्यासाठी हाय म्हटलं. तू येशूकडं गेलीस म्हणून सगळे नातेवाईक तुटले व्हते तुझे. एकटी पडली व्हतीस. मला तो येशू कळलाच न्हाय."

ताईंनी आईचा हात हातात घेतला.

"त्याच्यासमोर खोटं बोलले, त्याचं लई वाईट वाटतं. त्याला सांग, म्हातारी चुकली."

"माझ्या सांगण्यानं नाय व्हत, आये. तूच सांग ना."

हौसाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. सकाळी त्या गेल्या.

दफनाच्या वेळी पास्टर म्हणाले, "आपली बहीण विश्वासात झोपी गेली." सगळ्यांनी आमेन म्हटलं. ताईंच्या तोंडून ते निघेना.

आता टेबलावर ताका सरकत असतो आणि मधेच ताईंचा हात थांबतो. त्या रात्री ओठ हलले, तेव्हा आई येशूशी बोलत होती, की नुसत्या धापा टाकत होती?