भोंग्याविना डाव

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'तराजू' म्हणतात. नळाच्या तोट्या बनवणारा कारखाना, आणि हे तिथले तपासनीस. तोटी पाण्यात धरायची, वीस आकडे मोजायचे, बुडबुडा आला की बाद. मालकाचा जावई समोर उभा असला तरी बाद म्हणजे बाद! असल्या माणसाशी तीस वर्षं संसार केलाय मी. माझ्या भाजीलाही गुण मिळतात, आणि ते कधी सातच्या वर गेलेले नाहीत. बरं, चवीने जेवतात म्हणावं तर तेही नाही. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीच्या सवयीने घरीसुद्धा दहा मिनिटांत ताट रिकामं.

पाच वर्षांपूर्वी लेकीने ह्यांना एक नवा नाद लावला. ती पत्त्यांचे खेळ छापणाऱ्या एका छोट्या कंपनीत चित्रं काढते. परग्रह, यानं, लोखंडी माणसं, असलं काहीबाही. दोघांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकाचा एक ग्रह, ग्रहाची ताकद तीस. कार्डं टाकून समोरच्याची ताकद शून्यावर आणायची. आता कुठलं कार्ड दमदार आणि कुठलं लेचंपेचं, हे छापण्याआधी कोणीतरी खेळून बघायला हवं. ते काम ह्यांच्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत हे आणि तिथला वेल्डर खेळायचे, आणि हे वहीत दहापैकी गुण मांडायचे. कंपनीचा त्या वहीवर डोळे झाकून विश्वास.

या खेपेला साठ कार्डं आली. पन्नास छापायची, दहा कचऱ्यात. त्यातलं एक आमच्या लेकीचं होतं. नुसतं चित्र नव्हे, अख्खं कार्ड तिच्या डोक्यातलं. पाच वर्षं दुसऱ्यांच्या कार्डांच्या चौकटी रंगवल्यावर मिळालेली पहिली संधी. 'बीजनौका' नाव. नौका उतरवली की पुढच्या प्रत्येक पाळीला एक नवा अंकुर फुटतो, आणि जेवढे अंकुर तेवढी समोरच्या ग्रहाची ताकद घटते.

ह्यांनी गुण दिले दोन.

"वीस डाव खेळलो. फार तर सहाने ताकद घटते," हे म्हणाले. "कार्डात दम नाही."

"बरोबरच असेल, बाबा," लेक म्हणाली आणि अर्ध्या ताटावरून उठली.

चार दिवस तिने रंगांचा डबा उघडला नाही. मला ह्यांचा असा राग आला म्हणून सांगू! वही सोमवारी कंपनीत जाणार होती. रविवारी दुपारी भांडी तशीच टाकून मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले.

"काढा ती कार्डं. मला खेळायचंय."

"तुला कुठे येतं?"

"तुम्हाला भाजी करता येते? तरी गुण देताच ना!"

तिसऱ्या पाळीला मी बीजनौका उतरवली. हे तोफांवर तोफा डागत होते. सहा पाळ्या झाल्या तेव्हा माझा ग्रह बारावर आणि ह्यांचा बावीसवर. हे उठले आणि कार्डं गोळा करू लागले.

"कुठे निघालात? माझा ग्रह जिवंत आहे अजून."

"सहा पाळ्या झाल्या."

"मग?"

"मग सुट्टी संपल्याचा भोंगा होतो. तेव्हा ज्याची ताकद जास्त, तो..." बोलता बोलता हे थांबले.

"इथे कुठला आलाय भोंगा? बसा खाली!"

बसले. ह्यांच्या मोठ्या तोफा संपल्या होत्या. माझे अंकुर मात्र वाढतच होते, चार, पाच, सहा. दहाव्या पाळीला ह्यांचा ग्रह शून्य! मी टाळ्या पिटल्या. हे हसले नाहीत. वहीची जुनी पानं उलटत राहिले. "सावकाश वाढणारं एकेक कार्ड मी बाद करत आलो गं," म्हणाले. "पाच वर्षं." चेहरा एवढासा झाला होता. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

संध्याकाळी ह्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, की माझी तपासणी चुकली, मागच्या यादीतली कार्डं शेवटपर्यंत खेळून पुन्हा तपासावी लागतील. लेकीने ते वाचलं आणि ती भडकलीच.

"बाबा, माझ्यासाठी स्वतःचं नाव घालवू नका!"

ह्यांनी कागद उलटून यादी दाखवली. एकोणीस कार्डं होती, पहिल्या वर्षापासूनची. तिचं सगळ्यात शेवटी.

"तुझ्यासाठी असतं तर तुझं वर नसतं का घातलं? आणि एका डावावरून मी गुण देत नाही. चल, बस."

कंपनीने पंधरा दिवस वाढवून दिले. आम्ही तिघं जमेल तसं खेळलो, तीस डाव, प्रत्येक शेवटपर्यंत. सहाव्या पाळीला ह्यांचा हात आपसूक कार्डं गोळा करायला जायचा आणि मी त्यावर चापटी हाणायचे.

शेवटच्या दिवशी जेवताना ह्यांनी वही लेकीपुढे सरकवली. बीजनौका, आठ. पोरीने दोनदा वाचलं आणि भरल्या ताटावर रडायलाच लागली, वेडी!

"तिला आठ?" मी म्हटलं. "तीस वर्षांत मला एकदाही नाही."

"तुझं मी दहा मिनिटांत उरकत आलो," हे म्हणाले. "नीट तपासलंच कुठे?" आणि ताट पुढे करून त्यांनी पुन्हा भाजी मागितली.