गिरणीत बाबांचं आडनाव वेगळंच होतं

काळाचौकीवाल्यांनो, आज सरकारी दफ्तरखान्यात भांडून आले आणि चूक माझीच निघाली.

बाबा संपाआधी गिरणीत होते याचा कागद मिळाला, तरच गिरणी कामगारांच्या घराचा आमचा अर्ज पुढे सरकणार. बंद गिरणीची हजेरीबुकं तिथे ठेवलीत. तीन खेपा झाल्या, पण बाबांचं नाव, महादेव सावंत, काही सापडेना. आज क्लार्कबाईंवर ओरडलेच, "नीट बघता तरी का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, गाव कुठलं?"

"पेंडूर. गावाचं काय करायचंय तुम्हाला?"

"एका खात्यात दहा सावंत असले की मुकादम गावावरून आडनाव लिहायचा."

पानं उलटली आणि बोट थांबलं. महादेव गोविंद पेंडूरकर, साचाखातं, म्हणजे मागांचं खातं. गोविंद म्हणजे माझे आजोबा, आणि पत्ता आमच्याच खोलीचा! मी तिथेच रडले. बाईंनी पाणी दिलं.

घरी आईला सांगितलं तर म्हणते, "गिरणीत त्येंका सगळे पेंडूरकरच म्हणीत. माका कधी इचारलंस?"

सोमवारी सहीशिक्क्याची नक्कल मिळतेय. तुमच्या म्हाताऱ्यांना गिरणीत कोणत्या नावाने हाक मारायचे? आज जेवताना विचारा. माझ्यासारख्या खेपा घालू नका.