ठेंगणा की बोटांचा

नूरसियाकाकीला जमिनीवर झोप लागत नाही. बाजो माणसं पाण्यातच घर बांधतात; फळ्यांच्या फटींतून उजेड वर येऊन छतावर डुलतो. तो बघत ती दुपारभर पडून राहायची आणि लेकाचा, पाबांगचा, विचार करायची. मासेमारीच्या बोटीवर तो परमुलखात गेला, त्याला तीन महिने झाले, निरोप नाही.

पाबांग जन्मला तेव्हा त्याची वार करवंटीत घालून नवऱ्याने एका बोटं पसरलेल्या पोवळ्याच्या बुडाशी सोडली होती. वार म्हणजे बाळाचा थोरला भाऊ. समुद्रात राहून तो धाकट्याला सांभाळतो. नवरा वारल्यावर या थोरल्याला पानसुपारी द्यायचं काम काकीकडे आलं.

त्या दिवशी होडीत वेनिंग होती, पोवळी मोजायला आलेली शहरातली शिकलेली पोरगी. बराच वेळ पाण्यात पालथी तरंगून तिने तोंड वर काढलं.

"काकी, तुमच्या या पोवळ्याचं नाव नाही सांगता येत."

"एवढं शिकून हेच आलं होय गं?"

"एकाच जातीचं पोवळं शांत पाण्यात बोटं पसरतं, आणि लाटा लागल्या की ठेंगणं, जाड होतं. बघून फसायला होतं."

काकीचा पान धरलेला हात थांबला. मोठ्या वादळात बाहेरचा वाळूचा बांध फुटला, तेव्हापासून इथे लाटा शिरत होत्या. बोटांचं पोवळं तेवढं खडकाच्या आडोशाला होतं, आणि बोटं बघून नऊ वर्षं ती त्यालाच पान देत आली होती. शेजारच्या ठेंगण्यावर ती नांगराचा दगड टाकायची.

"मग आमचा थोरला म्हणजे हा ठेंगणाच असेल?"

"असेल. नाहीतर पलीकडचा. तुकडे नेऊन भिंगाखाली बघू? निदान जात तरी कळेल."

"हात तर लाव, पोहत घरी जाशील."

काकीने आधी नांगर वर ओढला. तिला रडू आलं. "इतकी वर्षं तुझ्या डोक्यावर दगड टाकला रे," ती पाण्याला म्हणाली.

होडी आपोआप वाहू लागली. खाली पिवळी, जांभळी, ठेंगणी, फताडी पोवळी हळूहळू सरकत होती. काकी प्रत्येकावर पानाचा तुकडा सोडत गेली. पान संपलं तशी सोबत आणलेली केळी कुस्करून सोडली. तीही संपली.

मग ती काठावरून वाकली. "तुमच्यातला थोरला कोण, मला नाही ओळखू येत. पण धाकट्याला घरी धाडा."