जवळा, टाकी आणि सॉरी

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत मी जवळा टाकला नाही. मी फक्त टाकीचं झाकण काढलं. बाकीचं सगळं कावळ्यांनी केलं. हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाशी तेव्हा नवीकोरी होती, आमची सोसायटीही नवी होती आणि माणसं एकमेकांना नवी होती. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो, म्हणून गच्चीची किल्ली आमच्याकडे असायची. त्या किल्लीवरच माझी आई वाशीत टिकून होती. बाबा गेल्यावर मी तिला मुरुडकडच्या गावातून घेऊन आलो, पण फ्लॅटमध्ये तिचा जीव गुदमरायचा. गच्चीवर गेलं की खाडी दिसायची, वारा लागायचा. "गच्ची हाय म्हनून मी हाय," असं ती सरळ सांगायची. गावी तिला एकटीला ठेवायच्या कल्पनेनेच मला झोप लागत नसे.

मे महिन्यात सगळ्या बायका गच्चीवर पापड-कुरडया घालायच्या. आईने दिवाळे गावच्या कोळणीकडून ताजा जवळा (म्हणजे नखाएवढी कोलंबी) आणला आणि वाळवायला पापडांच्या शेजारी पसरला. बायकांनी नाकाला पदर लावले. "आजी, जरा लांब घाला ना!" आता गच्चीवर लांब म्हणजे कुठे? उरली फक्त टाकी. टाकीचं झाकण लोखंडी, तव्यासारखं तापणारं, पण जिन्याच्या खोलीच्या सावलीत होतं. मी (तोंडाने इंजिनीयर, कागदोपत्री क्लार्क) ते ओढून उन्हात आणलं, उघड्या तोंडावर जुनी मच्छरदाणी ताणली आणि जवळा झाकणावर पसरला. आईने माझ्या डोक्याचं कौतुक केलं. असं कौतुक आयुष्यात फार वेळा झालेलं नाही, त्यामुळे ते मला चांगलं आठवतं.

मग कावळे आले. मी टॉवेल घेऊन धावलो आणि असा काही फिरवला की कावळा उडाला, जवळा मच्छरदाणीवर पडला आणि मच्छरदाणी जवळ्यासकट टाकीत बसली! मच्छरदाणी मी काठीने ओढून काढली. जवळा मात्र आपल्या मार्गाने खाली निघाला होता. संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक मजल्यावर पोचला. कुणाच्या बादलीत, कुणाच्या चहाच्या आधणात, आणि सेक्रेटरी देवधरांच्या पूजेच्या तांब्यात. देवधर शुद्ध शाकाहारी. तांब्यातून त्यांच्याकडे बघणारे ते काळे टिपके डोळे आहेत, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला, असं त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं.

देवधर वर आले. फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की रविवारी गच्चीवर सगळ्यांसमोर सॉरी म्हणा, नाहीतर किल्ली परत करा.

माझी बायको शुभा गिरगावची. ती म्हणाली, एका शब्दाचा प्रश्न आहे, म्हणून टाका. तिला काय! तिच्या तोंडी सॉरी दिवसभर असायचं. जिन्यात धक्का लागला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी? गणपतीची वर्गणी द्यायची नसली तरी सॉरी हं. एकदा खालच्या शिंद्यांचे काका वारले, तर ही त्यांनाही सॉरी म्हणाली. आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्यांचा काका हिनं मारला काय?"

आमच्या घरात हा शब्द नव्हताच. पाय लागला तर आम्ही हात लावून नमस्कार करतो. कुणाचं नुकसान केलं तर ते भरून देतो, आणि वर एक वाटी काहीतरी पाठवतो. आईचं म्हणणं साफ होतं. "सॉरी बोलून मानूस सुटतो. मग टाकी कोन धुनार? मी टाकी धुवून देईन. सॉरी नाय म्हननार, आनि माज्या नावानं तू पन नाय म्हनायचं. किल्ली मागितली तर मी गावाला जाईन."

माझंही रक्त तापलं. आपली चूक आपण निस्तरू, पण कुणी मान धरून वदवून घेईल ते आपल्याला चालणार नाही!

रविवारी सभासद गच्चीवर जमले तेव्हा मी टाकीत होतो. पाणी पहाटेच सोडून दिलं होतं. (त्यामुळे सकाळी कुणाचीच अंघोळ झाली नव्हती. सभेचा मूड त्या मानाने बरा म्हणायचा.) आई काठावर बसून कुठे घासायचं ते दाखवत होती. देवधरांनी विचारलं, "मग, काय ठरलं?"

मी टाकीतून भाषण दिलं. टाकीत आवाज असा घुमतो की मलाच माझी भीती वाटली. म्हटलं, सॉरी मिळणार नाही. स्वच्छ टाकी मिळेल. हवं तर इथलं पाणी मी पहिला पिईन. पण आमच्या आईची गच्ची कुणी काढून घ्यायची नाही.

देवधर शिडी चढले. टाकीत वाकून बघितलं, कोपऱ्यातून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग खाली उतरून सगळ्यांना म्हणाले, "बांधल्यापासून इतकी स्वच्छ नव्हती. किल्ली राहू दे आजींकडे."

जिंकलो! तो एक शब्द न बोलता जिंकलो! आईने पदर सावरला आणि खाडीकडे बघून हसली. मी छाती काढून बाहेर आलो, झाकण एकट्याने उचललं आणि मोठ्या रुबाबात टाकीवर ठेवायला गेलो. ते सटकलं आणि थेट देवधरांच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं.

"सॉरी, सॉरी, सॉरी!" मी म्हणालो.

देवधर एका पायावर उभे होते, डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. "मंजूर," ते म्हणाले.

आई गावाला गेली नाही. गच्ची तिचीच राहिली. पण तेव्हापासून इमारतीत कुणाचं काही सांडलं, फुटलं, बिघडलं, की ती मलाच पुढे ढकलायची. "जा, तू बोलून ये. तू लाज सोडलीच हायस."